जुन्या रेल्वे पुलाच्या रंगकामाचा आणि देखभालीचा खर्च कोणी उचलावा?

लोहवाट:

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवरच्या क्वेबेक पुलाचा इतिहास अलीकडे सविस्तर वाचला आणि त्यातून पडलेला एक प्रश्न येथे जाणकारांपुढे ठेवत आहे. बांधकाम सुरू असताना हा पूल दोनदा कोसळला. १९०७ मध्ये ७५ कामगार मृत्युमुखी पडले, आणि १९१६ मध्ये मधला गाळा, म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग, वर चढवला जात असताना नदीत पडून आणखी बळी गेले. १९१७ मध्ये पूल एकदाचा पूर्ण झाला. त्याचा ५४९ मीटरचा मुख्य गाळा आजही कॅन्टिलिव्हर, म्हणजे खांबांवरून पुढे झेपावणाऱ्या भुजांच्या, पद्धतीच्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब आहे. त्यावरून रेल्वे जाते, मोटारींसाठी तीन मार्गिका आहेत आणि पायी जाणाऱ्यांसाठीही वाट आहे.

१९९३ च्या कराराने पुलाची मालकी कॅनेडियन नॅशनल, म्हणजे सीएन, या रेल्वे कंपनीकडे आली आणि त्याच्या मोठ्या दुरुस्तीची हमी कंपनीने दिली. त्या वेळी ही कंपनी सरकारचीच होती. १९९५ मध्ये सरकारने ती विकली. पुढे १९९७ मध्ये ६ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा दुरुस्ती कार्यक्रम ठरला. त्यात सीएनने ३ कोटी ६० लाख, क्वेबेक प्रांताने १ कोटी ८० लाख आणि केंद्र सरकारने ६० लाख द्यायचे होते. २००५ पर्यंत पैसे संपले, आणि रंग मात्र जेमतेम ४० टक्के भागाला लागला होता. २००७ मध्ये केंद्र सरकार न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मधल्या सगळ्या काळात पूल गंजतच राहिला.

मला विचारायचे आहे ते असे. ज्या पुलावरून कंपनीच्या गाड्या जातात, प्रांताचा रस्ता जातो आणि ज्याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता आहे, त्याला रंग देण्याचा खर्च न्यायाने कोणाचा? मालकाचा, वापरणाऱ्यांचा, की सरसकट सगळ्या करदात्यांचा?

---

जमाखर्च:

सर्वसाधारण नियम सरळ आहे. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याच्या माथी तिची देखभाल. अमेरिकेत २०१० पासून लागू असलेल्या संघीय नियमांनीही रेल्वे पुलांच्या वार्षिक तपासणीची आणि त्यांच्या भारक्षमतेची जबाबदारी त्या लोहमार्गाच्या मालकावरच ठेवली आहे. परंतु पूल भार पेलण्यास समर्थ असावा एवढेच असे नियम बघतात. तो कसा दिसतो, किंवा आणखी पन्नास वर्षांनी त्याची काय अवस्था असेल, याची विचारणा ते करत नाहीत.

आपण दिलेल्या घटनाक्रमात माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट १९९७ चा कार्यक्रम ही आहे. त्यात पैशाचा आकडा पक्का होता, पण काम कुठवर गेले म्हणजे पूर्ण झाले असे मानायचे, हे तितक्याच पक्केपणाने कंपनीच्या गळ्यात बांधलेले नव्हते. पुलावरच्या जुन्या रंगात विषारी शिसे असल्यामुळे काम अपेक्षेपेक्षा महाग पडले, ठरलेली रक्कम संपली आणि काम थांबले. मग उरलेला पूल कोणाचा, या प्रश्नाला कागदावर उत्तर सापडेना. करार करताना ‘इतके कोटी खर्च करू’ असे लिहिणे आणि ‘अमुक सालापर्यंत पुलाच्या कोणत्याही भागावर ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त गंज असणार नाही’ असे लिहिणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या भाषेत अंदाज चुकण्याची जोखीम जनतेवर येते, दुसऱ्या भाषेत ती मालकावर राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे १९९३ चा करार झाला तेव्हा दोन्ही पक्ष एकाच सरकारचे होते. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या वस्तूबद्दल कोणी फार काटेकोर अटी घालत नाही. दोनच वर्षांनी त्यातला एक खिसा भागधारकांना विकला जातो, तेव्हा त्या ढिल्या अटी विकत घेणाऱ्याच्या फायद्याच्या ठरतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की खासगीकरण करतानाच अशा पुलाच्या नावाने वेगळा देखभाल निधी बाजूला काढून ठेवणे सरकारचे कर्तव्य होते. ते केले नाही, तर पुढचा खर्च शेवटी सरकारच्याच दारात येतो.

---

पोलादी:

मी पोलादी बांधकामांच्या रंगकामावर देखरेख करण्याचे काम करतो, त्यामुळे एका मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो. रंग हा पुलाच्या दिसण्याचा प्रश्न आहे, सुरक्षिततेचा नाही, अशी भूमिका सीएनने वेळोवेळी मांडली. आजच्या दिवसापुरते बोलायचे तर ती अगदीच खोटी म्हणता येत नाही, कारण जाड तुळईवरचा पातळ गंज उद्या पूल पाडत नाही. परंतु खर्च कोणी करायचा हे ठरवताना काही दशकांचा हिशेब पाहावा लागतो, आणि त्या हिशेबात ही भूमिका टिकत नाही.

अशा जुन्या पुलांचे भाग अनेक पत्रे एकमेकांवर ठेवून रिव्हेटांनी, म्हणजे डोके ठोकून पक्क्या केलेल्या पोलादी खिळ्यांनी, जोडलेले असतात. रंगाचा थर फाटला की पाणी दोन पत्र्यांच्या फटीत शिरते आणि आत गंज धरतो. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे तो पाचरीसारखा पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. रिव्हेटांच्या दोन ओळींमध्ये पत्रा फुगून लाटेसारखा झालेला दिसतो आणि काही ठिकाणी रिव्हेटांची डोकी ताणाने उडालेली असतात. या अवस्थेला आल्यावर वरून कितीही रंग लावला तरी आतला गंज थांबत नाही. रिव्हेट कापायचे, खराब पत्रा काढायचा, नवा बसवून जाड बोल्टांनी आवळायचा, हाच उपाय उरतो, आणि तोही वाहतूक चालू ठेवून. म्हणजे रंगावर वाचवलेला पैसा पुढे पोलादावर अनेक पटींनी खर्च होतो.

आता काम एवढे महाग का, तेही पाहू. प्रत्यक्ष रंगाची किंमत एकूण खर्चात किरकोळ असते. जुने थर शिसेयुक्त असल्यामुळे ते खरवडताना धूळ नदीत किंवा हवेत जाऊ देता येत नाही. कामाचा भाग चहूबाजूंनी बंदिस्त करावा लागतो, आतली हवा गाळून बाहेर सोडावी लागते, कामगारांच्या रक्तातील शिशाची तपासणी करावी लागते आणि निघालेला कचरा घातक कचरा म्हणून हाताळावा लागतो. खरा पैसा परांची, आच्छादन आणि रेल्वेकडून मिळणाऱ्या कामाच्या मोजक्या तासांत जातो. स्कॉटलंडच्या फोर्थ या जुन्या रेल्वे पुलाचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. तेथे सुमारे दहा वर्षे चाललेले काम २०११ च्या अखेरीस संपले, त्याला सुमारे १३ कोटी पौंड लागले आणि साधारण २ लाख ३० हजार चौरस मीटर पृष्ठभाग नव्याने रंगवला गेला. जुने थर पोलादापर्यंत उतरवून काचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा इपॉक्सी रंग देण्यात आला, जो किमान २५ वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. ‘एका टोकाला रंग संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा सुरुवात’ अशी त्या पुलाची ख्याती होती, ती या कामाने संपली.

खर्चाच्या वाटणीबाबत एक मुद्दा वरील चर्चेत आलेला नाही. क्वेबेकमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते. ते खारे पाणी रस्त्याच्या सांध्यांतून आणि निचऱ्याच्या तोंडांतून खालच्या पोलादावर ठिबकते, आणि पोलादाला त्याच्याइतका वाईट शत्रू नाही. आगगाडी पुलावर भार टाकते, थकवा आणते, पण मीठ आणत नाही. म्हणून रस्त्याखालच्या भागांच्या गंजाचा खर्च रस्ता चालवणाऱ्या प्रांताने द्यावा, ही माझ्या दृष्टीने उपकाराची नव्हे तर कारणमीमांसेची गोष्ट आहे. पुलाच्या कोणत्या भागावर कशामुळे किती झीज झाली, हे तपासणीत बऱ्याच अंशी सांगता येते, आणि वाटणी त्या नकाशावरून व्हावी.

---

नदीकाठ:

वारशाची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. समाजाने एखाद्या पुलाला वारसा म्हटले की मालकाचा तो पाडण्याचा किंवा स्वस्तात बदलण्याचा मार्ग जवळपास बंद होतो. निर्बंध समाजाने घालायचा आणि त्याची किंमत एकट्या मालकाने मोजायची, हे मला न्याय्य वाटत नाही. न्यूयॉर्कच्या हेल गेट या रेल्वे पुलाचे पहिले संपूर्ण पुनर्रंगकाम १९९० च्या दशकात झाले, त्यासाठी सिनेटर डॅनियल पॅट्रिक मोयनिहन यांनी पाठपुरावा केला आणि पैसा संघराज्याच्या तिजोरीतून आला. मुद्दाम निवडलेला तो गडद लाल रंग लवकरच फिका पडला, हे दुर्दैव खरे. पण जो पूल सगळे शहर पाहते त्यावर सगळ्यांचा पैसा खर्च व्हावा, हे तत्त्व त्यामुळे चुकीचे ठरत नाही.

---

लोहवाट:

सर्वांचे मनापासून आभार. पोलादी यांच्या प्रतिसादामुळे रंगाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. मात्र एक शंका उरते. २०२४ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने पूल नाममात्र एका डॉलरला परत घेतला आणि २५ वर्षे दरवर्षी सुमारे ४ कोटी, म्हणजे एकूण १०० कोटी डॉलर, खर्च करण्याचे जाहीर केले. पूल आता सरकारी महामंडळ सांभाळते. पूल वाचणार याचा आनंद आहेच. परंतु अशाने प्रत्येक रेल्वे कंपनी आपला जुना पूल गंजू देईल आणि शेवटी तो सरकारच्या हवाली करेल, असे होणार नाही का?

---

जमाखर्च:

आपली भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय एकच दिसतो. पूल परत घेताना सरकारने वापराचे शुल्कही ठरवले पाहिजे. ब्रिटनमध्ये फोर्थ पूल सार्वजनिक मालकीच्या नेटवर्क रेलकडे आहे. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या मार्ग वापरण्याचे शुल्क भरतात आणि उरलेला भार सरकारी अनुदान उचलते. त्याआधी हा पूल आणि ब्रिटनच्या लोहमार्गांचे जाळे रेलट्रॅक या खासगी कंपनीकडे होते. तिच्या काळात या पुलाच्या देखभालीवर बरीच टीका झाली, आणि ती संस्था शेवटी २००२ मध्ये नेटवर्क रेलला जागा देऊन बाजूला झाली. सार्वजनिक मालकी आणि वापरणाऱ्याकडून शुल्क या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसते.

शुल्क आकारताना गाड्यांची संख्या आणि वजन यांवर एक भाग ठरवावा, मिठाच्या झिजेचा भाग पोलादी म्हणतात त्याप्रमाणे प्रांताकडून घ्यावा, आणि नदीकाठ यांनी मांडलेला वारशाचा भाग केंद्राने स्वतःकडे ठेवावा. मात्र मागील तीस वर्षांत जी झीज केवळ रंग न दिल्यामुळे वाढली, तिचा वेगळा हिशेब हस्तांतरापूर्वीच्या तपासणीत मांडून ती रक्कम मालमत्तेच्या मोबदल्यातून वजा व्हायला हवी. मोबदला एक डॉलर असेल तेव्हा वजा करायला काही उरत नाही. म्हणून अशा वेळी ती रक्कम जुन्या मालकाने पुढील काही वर्षांच्या वापरशुल्कात भरावी, अशी अट हस्तांतराच्या करारातच असावी. शुल्काचा फेरविचार दर पाच वर्षांनी, झिजेच्या ताज्या मोजमापावरून व्हावा.