बडोद्याची दोन संग्रहालयं: एकात गुंडाळू नका

बडोद्याला जाणारं कुणी तरी विचारतंच, 'रविवर्मा आणि ममी एकाच तिकिटात होतात का?' नाही होत. ममी सयाजीबागेतल्या बडोदा म्युझियममध्ये. रविवर्म्याच्या चित्रांचा मोठा संच लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात. घोळ नेहमी इथेच होतो, आणि सोमवारी फत्तेसिंह बंद असतं, हे दारात पोचल्यावर कळतं.

फत्तेसिंहची इमारत मुळात राजपुत्रांची शाळा. तिथे चित्रासमोर सरळ उभं राहू नका. काचेत खिडकी दिसते, चित्र नाही. दोन पावलं बाजूला सरकून तिरकं बघा. साडीच्या जरीवर रंगाचा उंचवटा दिसला तर तैलचित्र. ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र, त्यात जवळून बारीक ठिपके दिसतात. नुसत्या चकाकीवर जाऊ नका, छापील चित्रांवरही वार्निश चढवत.

सयाजीबागेत सगळा मामला अठरापगड: बडोद्यातल्याच अकोट्याची जैन कांस्यशिल्पं, तिबेटी वस्तू, देवमाशाचा ७० फुटांहून लांब सांगाडा. सयाजीराव तिसऱ्यांची हौसच तशी! शेजारची चित्रशाळा १९१४ला बांधून झाली, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं अडकली आणि ती उघडायला १९२१ उजाडलं.

कांस्यशिल्पं आधी बघा, ममी शेवटी. लहान मुलं बरोबर असतील तर उलट करा, नाहीतर 'ममी कुठंय?' ऐकत फिरावं लागेल. छोट्या मूर्तींवर कोरलेले लेख वाचायला भिंग न्याच. फोटोचे नियम मात्र तिकीट खिडकीवरच विचारा.