कुलंट गळून इंजिन गेले, तर भुर्दंड जुन्या गाडीच्या विक्रेत्याने सोसावा का?

मूळ मांडणी : साताऱ्यातील एक ग्राहक

पुणे पासिंगच्या जुन्या मोटारी आणून त्या सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात विकण्याचा व्यवसाय आता गावोगाव दिसतो, आणि त्याच्या मागोमाग एक तक्रारही ऐकू येते. गाडी घेऊन महिना होत नाही तोच कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळते, घाटात इंजिन तापते, हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधले सील) जाते आणि विक्रेता पावतीवरच्या ‘आहे त्या स्थितीत’ या तीन शब्दांवर बोट ठेवून मोकळा होतो. माझे म्हणणे असे आहे की विक्रीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत कुलंटच्या गळतीमुळे इंजिन निकामी झाले, तर दुरुस्तीचा खर्च विक्रेत्याने सोसावा. खरेदीदाराने हयगय केली असे त्याला वाटत असेल, तर ते त्याने सिद्ध करावे.

गळती एका रात्रीत उद्भवते असे क्वचितच घडते. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली प्लास्टिकची टाकी सांध्यापाशी तडकते, वॉटर पंपाचे सील झिरपू लागते, थर्मोस्टॅटचे (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचे) प्लास्टिकचे घर उष्णतेने ठिसूळ होते. यांतले प्रत्येक दुखणे आठवडेच्या आठवडे चालते आणि वाळलेल्या कुलंटचा हिरवा, गुलाबी किंवा पांढुरका थर मागे ठेवते. दाबचाचणीचा हातपंप रेडिएटरच्या तोंडाला लावून झाकणावर लिहिलेला दाब, म्हणजे साधारण एक बार, दिला आणि दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे लक्ष ठेवले, की बाहेरच्या बहुतेक गळत्या पकडता येतात. गाडी चकाकवण्यासाठी पॉलिशचे यंत्र ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडे हा पंप का नसावा?

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूत पहिल्या सहा महिन्यांत दोष आढळला, तर तो विक्रीच्या दिवशीच होता असे गृहीत धरले जाते, आणि जुन्या मोटारीही त्यातून सुटत नाहीत. मी सहा महिने मागत नाही, दोनच मागतो.

प्रतिसाद : जुन्या गाड्यांचे विक्रेते, कराड

साहेब, दोनच महिने म्हणता, पण त्या दोन महिन्यांत गाडी कोणाच्या हातात असते? आपण गळती आणि इंजिनाचा बिघाड या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत, आणि सारा घोळ तेथेच आहे. होज पाईप फुटला तर तो काही शे रुपयांत बदलता येतो. तो फुटल्यावरही गाडी पुढे दामटली तर इंजिन जाते. पाईप माझा होता असे घटकाभर मानू, पण गाडी पुढे दामटण्याचा निर्णय माझा नव्हता.

शिवाय विक्रीनंतर नवी गळती होऊ शकत नाही, हे कशावरून? उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे पाईप उंदीर कुरतडतात, हे या भागातील कोणालाही विचारा. गाडी घेतल्यावर लोक गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊन ‘जरा सगळे बघ’ म्हणून सांगतात. तो क्लिप ढिली ठेवतो आणि नाव आमचे खराब होते.

आता पैशांचे बोलू. दोन-अडीच लाखांच्या गाडीत सुटणारी रक्कम एका हेडच्या कामात सहज उडून जाते. त्यातच जीएसटी नोंदणी असलेल्यांना जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर आहे. तो खरेदी आणि विक्रीच्या किमतींमधील फरकावर लागतो हे खरे, पण मधल्या काळात टायर-बॅटरीला घातलेल्या पैशांचे काय, हे विचारायला कोणी येत नाही. आपला नियम लागू झाला तर मी दहा वर्षांपुढची गाडी ठेवणेच बंद करीन, आणि दीड लाखात गाडी शोधणारा माणूस कोणाकडूनही, कसल्याही कागदाविना ती घेईल. त्यात ग्राहकाचे हित कोणते, ते आपण सांगावे.

प्रतिसाद : शिक्षक, जत तालुका

कराडच्या दादांना एक विचारतो. ‘कुलंट कमी झाले तर पाणी घाला, काही होत नाही’ असे मला गाडी देताना विक्रेत्यानेच सांगितले होते. आमच्याकडे पाणी म्हणजे बोअरचे पाणी. ते घातल्यावर रेडिएटर क्षाराने चोंदला, तेव्हा तोच विक्रेता म्हणाला, ‘गुरुजी, बोअरचे पाणी कशाला घातले?’ मग हयगय नक्की कोणाची?

प्रतिसाद : गॅरेजचालक, मिरज

दोन्ही बाजूंच्या गाड्या माझ्याकडे उघडायला येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाईप फुटल्यावरही गाडी दामटणे हा चालकाचाच निर्णय, हे कराडकरांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. अनेक गाड्यांत आता तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि फार तापल्यावर लाल, असे दोन दिवे असतात. त्यातही तापमान मोजणारा सेन्सर कुलंटमध्ये बुडलेला असेल तरच बरोबर सांगतो. कुलंट निघून गेले की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि हेड भाजत असतानाही कमी तापमान दाखवू शकतो. अशा वेळी चालकाला पहिली सूचना मिळते ती गाडीची ओढ कमी झाल्यावर किंवा बॉनेटमधून वाफ आल्यावर, आणि तोवर काम झालेले असते. ॲल्युमिनियमच्या हेडला किती वाकण्याची मुभा असते? बहुतेक इंजिनांसाठी ही मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यापुढे लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा सपाट करून, घेतल्याशिवाय नवे पॅकिंग टिकत नाही.

घाटाचा मुद्दा तर कोणी नीट उलगडलाच नाही. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसते. ते आत साधारण एक बार दाब धरून ठेवते आणि त्यामुळे कुलंटचा उत्कलनबिंदू सुमारे वीस अंशांनी वर जातो. झाकणाचे रबर गेले की हा आधार संपतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातले साधे पाणी शंभर अंशांच्या चार-साडेचार अंश आधीच उकळते. म्हणजे झाकण खराब, आत कुलंटऐवजी पाणी, गाडीत पाच माणसे आणि समोर पसरणीचा चढ, असा योग जुळून आला की पुण्यातल्या सपाट रस्त्यावर वर्षभर गुपचूप चाललेली गाडी वाईच्या पुढे थांबते. विक्रेत्याने कोणताही दोष लपवला नसला, तरी हे घडू शकते.

पण लपवणारेही आहेत, आणि त्यांच्या युक्त्या मला पाठ आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकतात, म्हणजे चाचणीच्या फेरीत इंजिन तापतच नाही. रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करून सतत चालू ठेवतात. गळती बुजवणारी पावडर टाकतात. काही जण तर हळद टाकतात. (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते यासाठी नव्हे.) बारीक भोक यामुळे काही दिवस बुजते, पण तोच गाळ हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसतो. उघडल्यावर थर्मोस्टॅटची जागा रिकामी आणि टाकीत पिवळा गाळ सापडला, आणि तो विक्रीच्या आधीचा आहे हे ठरले, तर मी विक्रेत्याच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही.

गळती जुनी की नवी, हे ओळखता येते. सांध्याभोवती कुलंटचा कडक, थरावर थर बसलेला पापुद्रा असेल तर ती जुनी. पाईपची चीर स्वच्छ असेल आणि आजूबाजूला ओलावा असला तरी पापुद्रा नसेल तर ती बहुधा नवी. मात्र इंजिन उघडण्याआधी कोणीतरी हे नीट पाहिले आणि फोटो काढले तरच त्याचा उपयोग होतो. माझ्याकडे गाड्या येतात त्या बहुतेक वेळा दुसऱ्याने हेड उतरवून, सगळे रॉकेलने धुऊन ठेवलेल्या.

दाबचाचणीवर फार विसंबू नये, एवढे सातारकरांना सांगतो. काही गळत्या इंजिन तापल्यावरच उघडतात. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कुलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तर कुलंट धुराबरोबर बाहेर जाते आणि जमिनीवर डागही पडत नाही. त्यासाठी गाडी पुरेशी तापवून टाकीवर निळ्या द्रवाची चाचणी करावी लागते. सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये येत असेल तर तो द्रव हिरवट किंवा पिवळट होतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते का, तेही पाहावे, पण पावसाळ्यात जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही दिसते.

प्रतिसाद : वकील, सांगली

‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द लिहिले की कायदा संपतो, असा समज दोन्हीकडे दिसतो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार ‘पाहून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी’ हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र विक्रेता त्याच प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करीत असेल आणि वस्तू वर्णनावरून घेतलेली असेल, तर ती विक्रीयोग्य दर्जाची असावी अशी गर्भित, म्हणजे न लिहिताही लागू होणारी, अट असते. खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबाबत ही अट राहत नाही. झाकणाखाली कुलंट नाही, हे बॉनेट उघडणाऱ्याला दिसायला हवे होते असे विक्रेता म्हणू शकेल; काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटबाबत त्याला तसे म्हणता येणार नाही. कलम ६२ प्रमाणे स्पष्ट कराराने गर्भित अट वगळता येते, आणि विक्रेत्यांचा खरा आधार तो आहे. पण लपवलेल्या दोषाला, म्हणजे फसवणुकीला, असा करार पांघरूण घालू शकत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिल न देणे हीच त्या कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा आहे, हे कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. गुरुजींची अडचण मात्र पुराव्याची आहे: विक्रेता तोंडी काय म्हणाला, हे ते कशाने दाखवणार?

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. मूळ मालकाकडून मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी थेट अंतिम खरेदीदाराच्या नावे करायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यामुळे कागदावर विक्रेता कोठेच नसतो आणि वाद झाला की तो म्हणतो, ‘मी तर मध्यस्थ.’ केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे बदलले आहे. व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे असते, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यायची असते, आणि त्यानंतर तो व्यापारी गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, ठरतो. माझ्या मते मानीव मालक मध्यस्थ असल्याचा बचाव घेऊ शकत नाही. ज्यांनी अधिकारपत्रच घेतलेले नाही, त्यांच्याशी नियमांची भाषा बोलण्यात मात्र अर्थ नाही.

प्रतिसाद : भाडोत्री गाडी चालवणारे, वाई

मी ग्राहक असूनही कराडच्या दादांच्या बाजूचा आहे. घाटावर रोज गाडी चालवणारा माणूस सकाळी बॉनेट उघडून टाकीतली पातळी पाहतो. त्याला एक मिनिट लागते. हमी मागणाऱ्यांपैकी कितीजण एवढे करतात? आणि स्वस्त हवी म्हणून घासाघीस करून घेतलेल्या गाडीबरोबर कंपनीची वॉरंटीही मागायची, हे मला पटत नाही.

मूळ मांडणी करणारे, सातारा

वाईच्या दादांचे बरोबर आहे, पण त्यांचा उपाय हुशार चालकांपुरता आहे. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या कुटुंबाला कोणती टाकी कुलंटची आणि कोणती काच धुण्याच्या पाण्याची, हेही माहीत नसते. असा ग्राहकच व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबतो, आणि त्याच शब्दाची किंमत म्हणून व्यापारी दहा-वीस हजार जादा घेतो.

पुराव्याचा भार विक्रेत्यावर असावा ही माझी मागणी गॅरेजचालकांच्या प्रतिसादाने बळकटच होते. विक्रीच्या दिवशी थर्मोस्टॅट जागेवर होता का, झाकण दाब धरत होते का, आत निम्मे कुलंट मिसळलेले पाणी होते की नुसते पाणी होते, हे त्या दिवशी फक्त विक्रेत्याला तपासता आणि लिहून ठेवता येते. जो लिहून ठेवील तो सुटेल. जो ठेवणार नाही, त्याने पैसे भरावेत.

प्रतिसाद : जुन्या गाड्यांचे विक्रेते, कराड

लिहून ठेवण्याला माझी हरकत नाही. खरेदीदारासमोर दाबचाचणी आणि निळ्या द्रवाची चाचणी करून, थर्मोस्टॅट असल्याचे दाखवून, त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्यायला मी उद्यापासून तयार आहे. त्या कागदात जे खोटे ठरेल त्याचा खर्च माझा. पण कागद खरा असूनही महिन्याभराने नवा पाईप फुटून हेड गेले, तर मी पाईपचे पैसे देईन, हेडचे देणार नाही. आणि तक्रार आली तर इंजिन उघडण्याआधी मला बोलवायचे, ही अट राहील. परस्पर हेड उतरवलेल्या गाडीबाबत मी चर्चाही करणार नाही.

मूळ मांडणी करणारे, सातारा

बोलवण्याची अट मान्य आहे, पण आपण किती वेळात येणार, हेही त्याच कागदावर हवे. घाटात बंद पडलेली गाडी टोचन करून आणल्यावर मालकाने आठवडाभर आपली वाट पाहायची का?

प्रतिसाद : जुन्या गाड्यांचे विक्रेते, कराड

दोन दिवस. तेवढ्यात मी किंवा माझा मिस्त्री आला नाही, तर फोटो काढून खुशाल उघडा. हेडच्या खर्चाबाबत मात्र माझे म्हणणे तेच आहे.