औट्रम घाट, साने गुरुजी आणि वॉशिंग्टन : आडनावाचं नाव कधी होतं?

प्रश्न : चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट कागदोपत्री ‘औट्रम घाट’ आहे. आमचे वडील सांगायचे, औट म्हणजे साडेतीन, तेव्हा साडेतीन कोसांचा वगैरे असेल. खरं काय? आणि कुणाच्या आडनावावरून पडलेली आणखी नावं आपल्या खानदेशात आहेत का? मुलांचीही चालतील.

उत्तर : ताई, औट म्हणजे साडेतीन हे बरोबर. ‘औट घटकेचं राज्य’ त्यातलंच. पण हा घाट जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या आडनावाचा. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी राहिली ती याच्या हाताखाली; ठाणं धरणगावला. पुढे १८५७ च्या धामधुमीत तो लखनौला होता. कोलकात्यात हुगळीकाठीही एक औट्रम घाट आहे, तोही याच्याच नावाचा. तिकडे नदीवरचा धक्का, इकडे डोंगरातली वळणं. मराठीत दोन्हीला घाटच. आपल्याकडे मात्र एस.टी.त बसलेला माणूस ‘कन्नड घाट’ म्हणतो. साहेबाचं नाव कागदावर राहिलं, तोंडात कन्नड गाव.

आता दुसरा प्रश्न. माझं मत असं की, आडनाव ऐकल्यावर एकच माणूस डोळ्यांसमोर येत असेल तरच त्याचं पुढे स्थळनाव किंवा बाळाचं नाव होतं. खानदेशात अडतं ते इथेच. पाटील, चौधरी, महाजन ही मुळात हुद्द्यांची आणि मानाची नावं. पाटील तर जुन्या ताम्रपटांतल्या ‘पट्टकिल’वरून आलेला. अर्ध्या तालुक्याचं आडनाव पाटील असेल तर ‘पाटील’ चौकातला पाटील नेमका कोणता? पाटीलवाडा गावोगाव आहे, पण तो हुद्द्याचा वाडा. म्हणून तर अहिराणीत अनोळखी पोराला आडनाव विचारत नाहीत, ‘कोना पोऱ्या?’ विचारतात.

बहिणाबाईंचं पाहा. माहेर महाजन, सासर चौधरी, दोन्ही आडनावं याच पठडीतली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं तेव्हा ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ असं पुरतं लिहावं लागलं. नुसतं ‘चौधरी विद्यापीठ’ म्हटलं असतं तर कुणाचं ते कळलंच नसतं. अमळनेरचं कॉलेजही प्रतापशेठांच्या ‘प्रताप’ या नावावर आहे, आडनावावर नाही.

याउलट साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेत शिकवायला आलेला हा माणूस मूळचा कोकणातल्या पालगडचा. साने हे आडनाव इकडचं नव्हे, म्हणून ‘साने’ एवढंच पुरलं. पांडुरंग सदाशिव कुणाच्या तोंडी आलं नाही. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळही असंच. १९२६ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेले आणि लगेच दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. ‘कोणते राजवाडे’ असं धुळ्यात कुणी विचारत नाही. फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं, त्या वसवलेल्या नगरालाही टिळकनगरच म्हणाले.

मुलांच्या नावांत आपण आडनाव घेत नाही. जवाहर, सुभाष ठेवले. नेहरू, बोस नाही. आपल्याकडे शेवटची जागा आडनावाने आधीच अडवलेली, ‘नेहरू पाटील’ म्हटलं की दोन आडनावं एकमेकांना धडकतात. तमिळनाडूत आडनावच नसतं, बापाच्या नावाचं आद्याक्षर लावतात. जागा मोकळी, म्हणून तिथे नेहरू, बोस बिनदिक्कत पोरांची नावं होतात. मुख्यमंत्री झालेले एम. के. स्टालिन १ मार्च १९५३ चे. रशियाचा स्टालिन चारच दिवसांनी गेला. आणि स्टालिन हे त्याचं जन्माचं आडनावही नव्हतं, ते जुगाशविली.

सगळ्यात लांबचा फेरा वॉशिंग्टनचा. इंग्लंडातल्या डरहॅम भागात वॉशिंग्टन नावाचं गाव, त्यावरून घराण्याचं आडनाव, त्या घराण्यात जॉर्ज. मग त्याच्यावरून अमेरिकेची राजधानी, पुढे एक राज्य, आणि पोरांची नावं. आपला क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदर मात्र थेट जॉर्जवरून नाही. वडिलांना मदत केलेल्या चेन्नईच्या एका माजी सैनिकाचं नाव वॉशिंग्टन होतं.

आणखी एक : दादा, एरंडोलकर, शिरपूरकर, धुळेकर विसरलात. गावाचं आडनाव होतंच की. आणि खानदेशाचं काय? खान हेही आडनावच ना?

उत्तर : भाऊ, ‘कर’वाली विसरलो नाही, ती उलट दिशेची. त्यांची गंमत एवढीच की शिरपुरात राहणाऱ्याला शिरपूरकर म्हणून उपयोग नाही; शिरपूर सोडून दुसरीकडे गेल्यावरच ते नाव कामाला येतं. म्हणून खुद्द खानदेशात ही आडनावं तुरळक.

खान मात्र इथे आडनाव नाही, इथे राज्य केलेल्या फारुकी सुलतानांचा किताब. म्हणजे त्याची रांग पाटील-चौधरींची. खानदेश हे नाव कान्हदेश किंवा सेउणदेशावरून आलं म्हणणारेही आहेत, त्या वादात मी पडत नाही. पण अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर मुलगा दानियालच्या नावाने या मुलखाला ‘दानदेश’ केलं होतं, हे पक्कं. पाळण्यातलं नाव, बादशहाचा हुकूम, तरी टिकलं नाही. दानियाल १६०५ मध्ये गेला आणि लोक पुन्हा खानदेशच म्हणत राहिले.