बुडापेस्टच्या चेन ब्रिजचं जुनं चित्र, फसलो का मी?

मंडळी, बुडापेस्टला जुन्या पुस्तकांच्या दुकानात चेन ब्रिजचं चित्र घेतलं, डॅन्यूब नदीच्या पेस्ट काठावरून पलीकडच्या बुडाकडे बघताना. दुकानदार म्हणे एकोणिसाव्या शतकातलं लिथो. इथे फ्रेमवाल्याकडे नेलं तर तो म्हणतो कडेने प्लेटचा दाब उमटलेला नाही, नकली आहे. त्यात पुलाच्या टोकांवरचे सिंहच गायब! बायको म्हणते चित्रकार विसरला आणि तू फसलास. कोणाला कळतं का यातलं?

शिळाछाप: फ्रेमवाल्याचं सोडा हो. तो दाब तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या कोरीव प्लेटचा. लिथो म्हणजे आपला शिळाछाप, सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त तेलकट जागीच धरते, दाब उमटणार कुठून? दहापट भिंग घ्या आणि आकाशाचा फिका भाग बघा. रव्यासारखे वेडेवाकडे कण दिसले तर लिथो, ठिपके शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे असले तर ऑफसेट, म्हणजे आजची यंत्रावरची छपाई. आमच्या आजीची रविवर्मा प्रेसची लक्ष्मी मी अशीच तपासली होती (आजी चिडली, देवाला भिंग लावतो म्हणून).

डॅन्यूबकाठ: सिंहांचं सोपं आहे. पूल २० नोव्हेंबर १८४९ ला खुला झाला, सिंह बसले १८५२ ला. म्हणजे मधल्या तीन वर्षांतलं असू शकतं, भारीच की! खाली नावं काय लिहिलीत?

मूळ धागाकर्ता: भिंग आणलं, आकाश एकदम रवाळ!! खाली ओफेन आणि पेस्ट लिहिलंय, जर्मनमध्ये. आणि पुलाच्या पलीकडे किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी एक काळी कमान आहे, ते काय?

डॅन्यूबकाठ: ओफेन म्हणजे बुडाचं जर्मन नाव, १८७३ पर्यंत दोन्ही शहरं वेगळीच होती, ते जमतंय. पण काळी कमान?? अहो तो बोगदा! अ‍ॅडम क्लार्कचाच, ज्याने पुलाचं बांधकाम बघितलं. तो १८५३ ला खोदायला घेतला, १८५७ पर्यंत पुरा झाला. बोगदा आहे आणि सिंह नाहीत असं त्या काळात प्रत्यक्षात कधी दिसलेलंच नाही. जुन्या चित्रावरून पूल उचलला असणार आणि बोगदा वरून घातला.

मूळ धागाकर्ता: म्हणजे लिथो खरं, पण सिंह विसरलाच ना तो? बायकोला हा धागा दाखवत नाही.