ब्लेंडर ठीक आहे, पण साचा बनवायचा असेल तर?

वर 'फ्यूजनचा फॉर्म परवडत नसेल तर सरळ ब्लेंडर घ्या, फुकट आहे' असं म्हटलंय (फॉर्म म्हणजे फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरमधलं ओढत-दाबत आकार द्यायचं टूल, ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर), ते थ्रीडी प्रिंटपुरतं अगदी मान्य, मी पण तेच करतो. पण पार्टचा साचा काढायचा म्हटलं की गाडी अडते, कारण ब्लेंडरमधून निघतो नुसता मेश (त्रिकोण-चौकोनांची जाळी) आणि साचा बनवणाऱ्या टूलरूमवाल्याला हवी असते स्टेप फाइल (खऱ्या सरफेसची कॅड फाइल). मी एकदा खुरप्याच्या मुठीचं एसटीएल (त्रिकोणी मेशची फाइल) फ्रीकॅड या फुकट कॅडमध्ये सॉलिड करून स्टेप म्हणून पाठवलं, तर तासाभरात फोन, "साहेब, प्रत्येक त्रिकोण वेगळा फेस दिसतोय, ड्राफ्ट कुठे देऊ?" ड्राफ्ट म्हणजे पार्ट साच्यातून सुटावा म्हणून बाजूंना दिलेला उतार, तेव्हा बरोबरच होतं त्याचं.

मग ऱ्हायनो या सरफेस मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. 2020 मध्ये आलेल्या ऱ्हायनो 7 पासून त्यात सबडी (सबडिव्हिजन, ढोबळ जाळीवरून निघणारा गुळगुळीत आकार) आहे, फॉर्मसारखंच ओढत-दाबत आकार द्यायचा आणि शेवटी टू-नर्ब्स कमांड मारली की खरे सरफेस हातात, त्याचीच स्टेप काढायची. आणि ब्लेंडरची मेहनत वाया जात नाही बरं का, सबडिव्हिजन मॉडिफायर लागू न करता नुसता चौकोनी केज (ती ढोबळ जाळी) ओबीजे फाइल करून न्यायचा (एक्स्पोर्टमधली 'अप्लाय मॉडिफायर्स'ची टिक काढा, ती आधीपासून लागलेली असते, मी दोनदा फसलोय) आणि तिकडे टू-सबडी कमांड मारायची. फक्त जिथे तीन किंवा पाच कडा एका बिंदूत येतात तिथे झेब्रा (सरफेसची सफाई तपासायला काळे-पांढरे पट्टे दाखवणारं टूल) लावून बघा, पट्टे हमखास तिथेच वाकडे होतात, मी तो बिंदू अंगठ्याखालून हलवून मुठीच्या मागे टाकला. ऱ्हायनो फुकट नाहीये, पण 90 दिवसांची ट्रायल पूर्ण चालते, एका मुठीला तेवढे दिवस पुरले.