घराला लागून द्राक्षबाग, चौथा महिना चालू आहे. फवारणीचा बाळावर पुढं परिणाम होतो का?

तासगावची सून

नमस्कार. आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. पडवीतून खाली उतरलं की पहिली ओळ सुरू होते. मला चौथा महिना चालू आहे आणि फळछाटणी तोंडावर आलीय. एकदा छाटणी झाली की आमच्याकडं औषधाला सुट्टी नसते. त्यात पाऊस लांबला नाहीतर धुकं पडलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं सकाळ-संध्याकाळ ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर. औषध कालवायची टीप, म्हणजे मोठं पिंप, न्हाणीच्या मागं आहे, कारण पाणी तिथं आहे. फवारून आलेले कपडे मीच धुते, बाकीच्या धुण्याबरोबर. मोठी मुलगी सहा वर्षांची आहे, ट्रॅक्टर दिसला की बापाच्या पुढ्यात बसायचा हट्ट करते.

पुण्याच्या नणंदेनं एक व्हिडिओ पाठवला. प्लॅस्टिकचे डबे, बाटल्या, त्यातली रसायनं शरीरातल्या हार्मोनचं काम बिघडवतात, पोटातल्या बाळावर झालेला परिणाम तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा दिसतो, असं त्यात होतं. मी लोणच्याच्या बरण्या काचेच्या केल्या. पण खिडकीबाहेर रोज धुरळा उडतोय तिथं एक डबा बदलून काय होणार, हे काही मला कळेना. सासूबाई म्हणतात, "आमची चार पोरं ह्याच बागंत लहानाची मोठी झाली, काय झालं त्यास्नी?" आणि खरंच चौघं धडधाकट आहेत. डॉक्टरांना विचारलं तर "टेन्शन घेऊ नका, गोळ्या चालू ठेवा" एवढंच.

खरंच काही होतं का, आणि मी आत्ता काय करू शकते? माहेरी जा म्हणू नका. माहेर कोरेगावचं, तिथं आलं आणि ऊस, औषध तिथंही आहेच. आणि सातव्याच्या आधी मला कोणी पाठवणार नाही.

पलूसचा बागायतदार

ताई, उगं घाबरू नका. आमचा माल युरोपला जातो. कंटेनर भरायच्या आधी रेसिड्यूचा, म्हणजे मालात औषध किती उरलंय त्याचा, रिपोर्ट लागतो, त्यात जरा इकडंतिकडं झालं तर माल परत. एवढी तपासणी असताना घातक कसं असेल? आणि डाऊनीला आपण जास्त मारतो ते मॅन्कोझेब हे बुरशीनाशक. पुडा बघा, हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे सगळ्यात कमी विषारी. हे व्हिडिओवाले शेतकऱ्याला बदनाम करायला बसलेत. औषध बंद केलं तर सोसायटीचा हप्ता ते भरणार आहेत का?

मिरजेच्या बाई

माझं माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातलं, भावाची बाग अजून आहे. नोकरीत असताना जीवरसायनशास्त्र शिकवलं. तेव्हा मी काही शेतकऱ्याला बदनाम करायला बसलेली नाही.

आधी पलूसच्या दादांचा रिपोर्ट घेऊ. तो रिपोर्ट द्राक्षाचा आहे, फवारणाऱ्याच्या हाताचा नाही आणि त्याचे कपडे धुणाऱ्या बाईचा तर नाहीच. जर्मनीत बसून घड खाणाऱ्याच्या पोटात किती जावं याची मर्यादा त्यांनी ठरवली आणि आपण ती इमानानं पाळतो. न्हाणीमागं टीप असलेल्या घरात कोणाच्या अंगात किती जातं, हे त्या कागदावर कुठं लिहिलेलं असतं?

त्रिकोणाचंही तसंच. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध एकदम पोटात किंवा अंगावर गेलं तर माणूस किती लवकर दगावेल यावरून ठरतात. मॅन्कोझेब त्या हिशोबानं खरोखरच सौम्य आहे. पण रोज थोडं थोडं अंगात जाऊन हार्मोनचं काय होतं, हे तो रंग सांगतच नाही. युरोपनं डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची परवानगी संपवली, ती प्रजननाला अपायकारक आणि हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारं म्हणून. आपल्याकडंही केंद्र सरकारनं मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात हे नाव होतं. औषध आजही दुकानात मिळतं. म्हणजे ज्यांना आपण द्राक्षं पाठवतो त्यांनी ते स्वतःच्या बागेत बंद केलं, आणि आपण हिरवा त्रिकोण दाखवत बसलोय.

सूनबाई, आता तुझ्याकडं वळते. मॅन्कोझेबचं शरीरात गेल्यावर, आणि ओलाव्यात किंवा उष्णतेत बाहेरही, एक दुसरं रसायन तयार होतं. त्याला ईटीयू म्हणतात. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून हार्मोन बनवते, ते काम एक विकर (एन्झाइम) करतं. ईटीयू नेमकं त्या विकराच्या आड येतं. मोठ्या माणसाचं त्यानं थोडंफार कमीजास्त झालं तर शरीर सावरून घेतं. पोटातल्या बाळाचं तसं नसतं. पहिले तीन महिने त्याची स्वतःची ग्रंथी काम करत नाही, आईच्या हार्मोनवर सगळं चालतं. पुढंही ती हळूहळूच हाताशी येते, आणि मेंदूची जडणघडण त्या हार्मोनच्या भरवशावर चाललेली असते. तुझ्या घरच्यांना सांगायचं तर असं सांग: वेल पोंग्यात, म्हणजे फूट अगदी कोवळी असताना एक दिवस औषध चुकलं तर डाऊनी घड घेऊन जाते, तीच चूक पान जून झाल्यावर झाली तर बाग हसून सोडून देते. किती मात्रा गेली याइतकंच ती कधी गेली हे बघायचं असतं.

यावर कोस्टारिका देशात काम झालंय. तिथं केळीच्या मोठ्या बागा आहेत आणि मॅन्कोझेब विमानानं फवारतात. साडेचारशेच्या आसपास गरोदर बायकांच्या लघवीतलं ईटीयू मोजलं. बागेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये ते लांब राहणाऱ्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघालं. आणि हे नीट वाच: ज्या बायकांनी आदल्या दिवशी शेतातले कपडे धुतले होते, त्यांच्यातही ते जास्त होतं. शेतात पाऊल न टाकता, नुसत्या धुण्यानं. विमान आणि आपला ब्लोअर एक नव्हे, हे मला मान्य आहे. पण धुणं इथलं काय आणि तिथलं काय, सारखंच.

सासूबाईंच्या चार पोरांचं उत्तर जरा अवघड आहे, कारण त्या खोटं बोलत नाहीत. बहुतेकांना काही होत नाही, हेच खरं आहे. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात होऊ नये म्हणून बायकांना डीईएस नावाचं कृत्रिम हार्मोन देत. बाळं चांगली गुटगुटीत झाली. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी विशीच्या आतबाहेरच्या आठ मुलींची नोंद छापली. त्यांना योनिमार्गाचा एक अगदी दुर्मीळ कॅन्सर झाला होता, आणि आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. हा कॅन्सर त्या औषधाच्या हजार मुलींमागं एखादीलाच झाला. पण मूल न राहणं, दिवस भरायच्या आत बाळंत होणं, हे पुष्कळ जणींच्या वाट्याला आलं. ते कोणाला वीस-पंचवीस वर्षं दिसलंच नाही.

डीडीटीचीही गोष्ट तीच. आमच्या लहानपणी मलेरियावाले येऊन भिंती पांढऱ्या करून जायचे, आम्ही मागं पळायचो. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांचं रक्त जपून ठेवलं होतं. त्यांच्या मुली पन्नाशीला आल्यावर बघितलं, तर ज्यांच्या आईच्या रक्तात डीडीटी सगळ्यात जास्त होतं त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ चौपट. पन्नाशीला! तेव्हा "काय झालं त्यास्नी" याचा निकाल चाळिशीत लागत नाही. (सासूबाईंना हे वाचून दाखवू नकोस, त्यांची पोरं चाळिशीतच असतील. जीवाला घोर लागेल, उपयोग काही नाही.)

आपल्या देशातलंच हवं असेल तर केरळचं कासरगोड आहे. काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं वर्षानुवर्षं एंडोसल्फान मारलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनं तिथले ११७ मुलगे तपासले, २००३ मध्ये अहवाल छापला: वयात येणं लांबलेलं, टेस्टोस्टेरॉन कमी. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये एंडोसल्फान बंद केलं. ते औषध वेगळं, तुझ्या टिपेतलं वेगळं. मी सांगतेय ते एवढ्यासाठी की बंदी येईपर्यंत तेही कृषी सेवा केंद्रात बिल करूनच मिळत होतं.

प्लॅस्टिकचं थोडक्यात. नणंदेचं चुकीचं नाही. त्यातल्या बीपीए या रसायनाची रोज चालणारी मात्रा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये २०,००० पटींनी खाली आणली. बाळाला दूध गरम गरम प्लॅस्टिकमध्ये ओतू नकोस, स्टीलचं वाटी-चमचा बरा. पण लोणच्याच्या बरणीवर जीव टाकण्याआधी न्हाणीमागची टीप हलव.

आणि धुणं. चौथा महिना म्हणजे उशीर झाला असं नाही, मेंदूचं काम तर बाळंतपणानंतरही चालू असतं. औषधाचे कपडे तू धुवायचे नाहीत. बाळंतपणापर्यंत मालकांनी स्वतः धुवावेत, वेगळ्या बादलीत, नायट्राईलचे हातमोजे घालून. कापडी मोजे नकोत, ते औषध पितात आणि हाताला धरून ठेवतात. ते पाणी विहिरीकडं जाऊ द्यायचं नाही. मालकांनी बाहेरच अंघोळ करावी, मग पोरीला उचलावं. ब्लोअर चालू असताना त्या बाजूच्या खिडक्या बंद, वाळत घातलेलं धुणं आत. पोरीला ट्रॅक्टरवर बसवणं तर आजपासून बंद. ती सहा वर्षांची आहे, अजून वयात यायचीय, तिचाही नाजूक काळ पुढं आहेच.

पलूसचा बागायतदार

बाई, त्रिकोणाचं मला कोणी असं सांगितलं नव्हतं, दुकानदारानं तर नाहीच. पण मग एक विचारतो. आपण घड जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिडमध्ये, बुडवतो. ते तर नावानंच हार्मोन. बायका दिवस दिवस हात घालतात त्यात. त्याचं काय?

मिरजेच्या बाई

दादा, जिबरेलिक ॲसिड वेलीचं हार्मोन आहे. आपल्या पेशीत त्याला ओळखणारं कोणी नाही, म्हणून त्याची मला एवढी धास्ती वाटत नाही. पण डिपिंगच्या बादलीत नुसतं जीए असतं का? बुरशीनाशक त्यातच मिसळलेलं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाला जी ट्रायझोल गटातली औषधं मारता, त्यांतली काही प्रयोगशाळेत ॲरोमॅटेजला अडवताना दिसली आहेत. ॲरोमॅटेज म्हणजे बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन तयार करणारं विकर. तेव्हा मोजे डिपिंगच्या बायकांनाही द्या. हजेरी चारशे-पाचशे देता, तिथं मोज्याचा जोड काय जड आहे?

साताऱ्याचा डॉक्टर

बाईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. माझ्याकडून एकच. टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची, तपासणी झाली नसेल तर करून घ्या, साधी रक्ताची तपासणी आहे. कमी-जास्त निघालं तर औषधाची गोळी आहे आणि ती गरोदरपणात चालते. घरात मीठ आयोडीनचंच वापरा, खडेमीठ नको. लघवीतलं ईटीयू वगैरे आपल्याकडच्या लॅबमध्ये कोणी मोजत नाही, त्यासाठी कुठं फिरत बसू नका. आणि एका फवारणीत आत होतात म्हणून बाळाला काही झालंच, असं कृपा करून धरू नका. हे सगळे आकडे शेकडो जणींचे मिळून असतात, त्यावरून एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही.

तासगावची सून

सगळ्यांचे आभार. रात्री मालकांना मोबाइल दिला, त्यांनी दोनदा वाचलं. कपड्यांचं लगेच कबूल झाले. पोरीला सकाळी ट्रॅक्टरवरून उतरवलं तर तिनं घर डोक्यावर घेतलं, पण उतरवलं. टीएसएच सोमवारी.

टिपेचं मात्र अडलंय. सासरे म्हणतात पाण्याची लाइन न्हाणीपर्यंतच आहे, टीप तिकडं नेली तर पाणी काय डोक्यावरनं न्यायचं? त्यांचंही खोटं नाही.

पलूसचा बागायतदार

ताई, मामांना सांगा, ड्रिपच्या मेनलाइनला टी मारून बागेच्या पल्याडच्या टोकाला पाऊण इंची कॉक काढता येतो. फिल्टरच्या आधी टी मारा, म्हणजे प्रेशर मिळेल. पाणी उलटं न येऊ देणारा (नॉन-रिटर्न) वॉल्व्ह बसवायचा विसरू नका, नाहीतर औषधाचं पाणी मेनलाइनमध्ये शिरायचं. मोटर चालू केली की टीप तिथंच भरते. सामान तासगावात कुठल्याही ड्रिपच्या दुकानात मिळतंय. छाटणीच्या आधी करा, नंतर कोणाला हात रिकामा नसतो.