थंडीत गाडी सुरू केल्यावर किती वेळ थांबता? (अनुभव धागा)

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर गेला, चोकची दांडी गेली, पण सकाळी गाडी 'तापवून घ्यायची' सवय काही जात नाही. आमच्या सोसायटीत डिसेंबर लागला की सहा वाजल्यापासून घरघर सुरू. एक काका गाडी चालू करून वर जातात, चहा पिऊन खाली येतात. त्यांच्या शेजारची मुलगी पट्टा लावते आणि निघते. दोघांच्याही गाड्या ठणठणीत आहेत, त्यामुळे वाद मिटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून जुन्या गाड्यांत चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावं लागायचं, आणि इंजिन स्थिरावेपर्यंत थांबणं भागच होतं. आपल्याकडे २००० सालाच्या आसपास पेट्रोल गाड्यांत फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा) रुळलं. आता कूलंटचं (इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचं) तापमान बघून किती पेट्रोल सोडायचं ते संगणक ठरवतो. अमेरिकेचं ऊर्जा खातंही सांगतं की साधारण ३० सेकंद थांबा आणि हळू चालवत निघा, चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं.

पण मग प्रश्न असा की लोक अजूनही थांबतात ते कशासाठी? तुम्ही तापवता ते नक्की काय? इंजिन, ऑइल, काच, बॅटरी, की आपले हात? फियाट, एसटी, ट्रॅक्टर, परदेशातला बर्फ, इलेक्ट्रिक, सगळं चालेल. माहिती गूगलवर भरपूर आहे, इथे स्वतःचे किंवा घरातले अनुभव लिहा.

चोकबहाद्दर

आमची पद्मिनी (फियाट) होती, नाशिकरोडला. थंडीत ती सुरू करणं हा वडिलांचा सोहळा असायचा. चोक पूर्ण बाहेर, ॲक्सिलरेटरला पाय नाही, मग सेल्फ. इंजिनाने धरलं की दहा-वीस सेकंदांनी चोक अर्धा आत. आवाज जड व्हायला लागला की पूर्ण आत. हे कानाने करायचं. चोक बाहेर राहिला तर पेट्रोलचा भपकारा यायचा आणि प्लग काळे व्हायचे. मग प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, गॅसवर शेकवा, परत लावा.

आमच्या चोकची तार ढिली झाली होती, दांडी ओढली तरी आपोआप आत सरकायची. वडील तिला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून ठेवत. आईचा एक चिमटा कायम कमी असायचा, आणि तो कुठे आहे हे तिला माहीत असायचं.

तेव्हा पाच मिनिटं थांबायचो आणि ते बरोबरच होतं. आता इंजेक्शनच्या गाडीतही वडील पाच मिनिटं थांबतात. वय ७८. मी काही बोलत नाही.

दोन चाकी माणूस

चारचाकीचं आम्हाला काय विचारता! स्कूटर डाव्या अंगाला आडवी करायची, पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उतरलं की सरळ करायची आणि किक. नाही झाली तर पुन्हा आडवी. थंडीत कॉलनीतल्या सगळ्या काकांचं हेच कवायतीसारखं चाललेलं असायचं.

एसटीची लेक

धाग्यातला प्रश्न बघून वडिलांना फोनच केला. ते एसटीत चालक होते, महाबळेश्वर-वाई भागात बरीच वर्षं काढली. त्यांचं म्हणणं असं की लोकांना वाटायचं ड्रायव्हर इंजिन तापवतोय, पण थांबायचो ते हवेसाठी.

बसचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर उभ्या गाडीतली हवा हळूहळू उतरते. सकाळी इंजिन चालू केलं की कॉम्प्रेसर टाक्या भरायला घेतो, आणि काटा वर चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. तोवर मुक्कामी गाडीत गावातली माणसं बसलेली, दूधवाले कॅन टपावर टाकून मोकळे, आणि मागून आवाज, "चला की ड्रायव्हरसाहेब, गाडी तापली आता!"

काही चालक मुक्कामाच्या गावी गाडी मुद्दाम उतारावर लावत. पहाटे सेल्फ मारला नाही तर उतारावर सोडून गिअरमध्ये टाकायची. वडिलांनी हे कधी केलं नाही. त्यांचा साधा हिशेब होता: टाकीत हवा नाही, इंजिन बंद आहे आणि घाटातला उतार, मग गाडी थांबवायची कशाने? त्यापेक्षा गावातली दहा माणसं उठवून सपाटीवर धक्का मारलेला बरा.

वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठायचं तेव्हा टपावर आणि काचेवर पांढरा थर असायचा. त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते. साधं विहिरीचं पाणी मारायचं. हे मलाही नवीन होतं.

मु. पो. निफाड

आमच्याकडे पारा पाचाच्या खाली गेला की टीव्हीवाले येतात. तेव्हा आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसलेलो असतो, कारण मणी तडकले तर वर्ष गेलं. अशा पहाटे ट्रॅक्टर लागतोच. जुन्या डिझेल पिकअपला हीटर प्लगचा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत चावी पुढे फिरवायची नाही, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पेट्रोलला ठिणगी असते, डिझेल पेटतं ते दाबाने गरम झालेल्या हवेत. सिलिंडरच गार असला तर तेवढी उष्णता येणार कुठून?

सुरू झाल्यावर पांढरा धूर येतो, ते न जळलेलं डिझेल. धूर थांबला की निघायचं. निम्म्या वेळा मात्र दोष थंडीचा नसतो, बॅटरी म्हातारी झालेली असते. उन्हाळ्यात कशीबशी ढकलते आणि पहिल्या थंडीत उघडी पडते.

विनिपेगकर

इथे कॅनडात माझ्या गाडीच्या नाकातून वायर लोंबते. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "इलेक्ट्रिक घेतलीस?" नाही हो, पेट्रोलच आहे. ती ब्लॉक हीटरची वायर. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये एक छोटा हीटर असतो, तो कूलंट गरम ठेवतो. रात्री गाडी भिंतीतल्या प्लगला जोडायची. इथे ऑफिसच्या, दवाखान्याच्या पार्किंगमध्येही गाडीगणिक प्लगचे खांब असतात. याचं पेटंट १९४९ सालचं, अँड्र्यू फ्रीमन यांचं. ते अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्सचे, म्हणजे आमच्यापासून सीमेपलीकडे दोन-अडीच तासांवर. अशी वस्तू याच भागात सुचणार!

रात्रभर चालू ठेवायची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी तीन तास पुरतात, नाहीतर विजेचं बिल उगाच वाढतं.

उणे ३० मध्ये काय होतं ते सांगते. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, तिची ताकद निम्म्याहूनही खाली येते. नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार. चावी फिरवली की एक खोल, संथ 'ऊंऽऽ... ऊंऽऽ' येतो आणि पोटात गोळा येतो. सुरू झाली तरी स्टिअरिंग जड, सीट दगडासारखी टणक, आणि टायर रात्रभर एका जागी दबून तळाशी चपटे झालेले. पहिला किलोमीटर गाडी धडधड उडत जाते. सासूबाई पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, पंक्चर आहे, थांबव!"

मी थांबते, पाच-सात मिनिटं, आणि ते इंजिनासाठी नाही, काचेसाठी. आतून श्वासाची वाफ काचेवर गोठते, ब्लोअर गरम झाल्याशिवाय समोरचं दिसत नाही. नुसतं उभं ठेवून इंजिन पूर्ण तापेल ही आशा या थंडीत सोडा.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत इंजिन चालू ठेवून थांबू नका, गाडी बाहेर काढा. आणि बर्फ पडून गेल्यावर चालू करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. धूर कोंडला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आत येतो. त्याला वास नसतो, झोप येते आणि माणूस उठत नाही. इथे दर हिवाळ्यात याच्या सूचना येतात.

श्टुटगार्टचा शाम्या

आमच्याकडे वादच नाही, कायदाच आहे. जर्मनीत गाडी उभी ठेवून विनाकारण इंजिन चालू ठेवलं तर ८० युरो दंड. काच खरवडताना इंजिन चालू ठेवणं हेही विनाकारणच धरतात. पहिल्याच हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी गाऊनवर कोट घालून खाली आल्या आणि त्यांनी मला हे अतिशय नम्रपणे समजावलं. बर्फ खरवडून नुसतं डोळ्यापुरतं भोक पाडून निघालात तर त्याचे वेगळे १० युरो. मी रात्री काचेवर पुठ्ठा टाकतो, वायपरखाली अडकवतो. पुठ्ठा काढला की काच स्वच्छ.

धागाकर्ती

एसटीची लेक, हवेचं डोक्यातच आलं नव्हतं, बाबांना नमस्कार सांगा. विनिपेगकर, टायर चपटे होतात हे वाचून हसू आवरेना. गॅरेजवाले कोणी आहेत का इथे? ऑइलबद्दल लिहा ना.

पाना नंबर बारा

आहे की. सांगलीत गॅरेज आहे.

ऑइल रात्रीत खाली चेंबरमध्ये उतरतं. सेल्फ मारल्यावर पंप ते वर चढवतो, त्याला काही सेकंद लागतात. ऑइल जाड असलं आणि थंडी असली की जरा जास्त. डब्यावर '५डब्ल्यू-३०' असतं ना, त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. जेवढा लहान, तेवढं थंडीत पातळ. आपल्याकडे पूर्वी सगळ्याच गाड्यांत २०डब्ल्यू-५० ओतायचे. नव्या इंजिनांना ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू लागतं. पुस्तकात जे दिलंय तेच घाला. "जाड ऑइल म्हणजे इंजिनाला आधार" हे सांगणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

गिऱ्हाइकं गाडी 'तापवतात' म्हणजे काय करतात तर उभ्या उभ्या रेस देतात. भुर्र, भुर्र. ऑइल अजून नीट पसरलेलं नाही आणि तुम्ही इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारावर नेता. यापेक्षा वाईट काही नाही. अर्धा मिनिट थांबा, पट्टा लावा, आरसा बघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीने घ्या. बास.

आणि एक. रोज दोन किलोमीटर शाळा, दोन किलोमीटर बाजार, अशा गाड्यांचं ऑइलचं झाकण उघडलं की खाली पिवळट पांढरा फेस चिकटलेला दिसतो. इंजिन तापतच नाही, मग आतली वाफ ऑइलमध्ये मिसळते. लोक घाबरतात, गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये येऊ न देणारी पट्टी) गेलं म्हणून. कूलंट कमी होत नसेल तर बहुतेक वेळा तसं काही नसतं. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, तासभर पळवा. ऑइल मात्र वेळेच्या आधी बदला.

निवृत्त सुभेदार

जय हिंद. सातारा जिल्हा. लेह आणि पुढे दोन हिवाळे काढले, वाहनांवरच ड्यूटी होती.

तिथे इंजिनाच्या आधी डिझेलच गोठतं. त्यातलं मेण वेगळं होतं आणि पाहता पाहता डिझेलचं तूप होतं. फिल्टर तुंबला की कितीही सेल्फ मारा, गाडी उठत नाही. आमच्या वेळी डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. रात्री ठरावीक अंतराने उठून गाड्या चालू करायच्या, थोडा वेळ चालवून बंद करायच्या. पाळ्या लावलेल्या असत. काही वेळा बॅटऱ्या काढून बंकरमध्ये बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) जरा लांब ठेवायचो. सिव्हिल ट्रकवाले टाकीखाली शेगडी ठेवायचे, तेही पाहिलंय. करू नये, पण माणूस अडला की करतो.

२०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं. ज्यांनी पहाटे तीनला उठून गाड्या चालू केल्यात त्यांनाच त्याची किंमत कळेल.

संत्रानगरी

नागपूरची थंडी म्हणजे काही लेह नाही बाप्पा, पण आमच्याइथं वेगळाच घोळ असतो. गाडी चालू करायच्या आधी बोनेटवर दोन थापा मारायच्या. मांजरीची पिल्लं उबेला इंजिनजवळ जाऊन बसतात. आमच्या गल्लीत सगळेच मारतात. आवाज ऐकून एकदा तर तिघं बाहेर आली.

सीएनजीवाली

पुण्यात माझी गाडी सकाळी बराच वेळ पेट्रोलवरच चालते, गॅसवर जात नाही. आधी उभी करून तापवू का?

पाना नंबर बारा

नका. सिलिंडरमधला गॅस दोनशे बारच्या आसपास दाबलेला असतो. रिड्यूसरमध्ये दाब उतरताना तो भयंकर गार होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. पाणी कोमट झाल्यावरच किट गॅसवर जातं. चालवत निघालात तर लवकर जाईल. टाकीत पेट्रोल मात्र ठेवत चला, दोन-तीन लिटरवर वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांचे पंप जातात. वीस मिनिटं चालवूनही गॅसवर गेली नाही तर थर्मोस्टॅट आणि सेन्सर तपासून घ्या.

ओस्लोची ऊर्मी

इलेक्ट्रिकवाले आहोत म्हणून आम्हाला सुट्टी नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी दहात जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या, म्हणजे अख्खा देश बॅटरी तापवत असतो म्हणा. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच ॲपवरून वेळ लावायची. काच मोकळी, सीट गरम, आणि ती वीज बॅटरीतून न जाता भिंतीतून येते. न तापवता निघालं तर पाय उचलल्यावर गाडी जी आपोआप ओढून धरते, ते होत नाही. गार बॅटरी परत आलेली वीज नीट घेत नाही. आमच्या घरासमोर उतार आहे, तिथे हे पहिल्यांदा कळलं की दचकायला होतं.

भटक्या ४१४

जानेवारीत डिझेल गाडी घेऊन स्पितीला चाललोय. सुभेदारसाहेब, काही सांगाल?

निवृत्त सुभेदार

खालून डिझेल भरून नेऊ नका. टाकी जेमतेम ठेवून चढा आणि वरच्या पंपावर भरा. रात्री टाकी भरलेली असावी, रिकाम्या जागेत पाणी धरतं. निघायच्या आधी बॅटरी तपासून घ्या आणि कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं आहे ना ते बघा, नुसतं पाणी असेल तर ब्लॉक फुटेल. गाडीचं तोंड पूर्वेला करून लावा, सकाळचं ऊन बोनेटवर पडतं. हँडब्रेक लावू नका, गोठतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना दगड काढायला विसरू नका.